तोंडात पेट्रोलचा पाइप घेतलेला माणूस: इशिदा तेत्सुयाची चित्रं

चिंचगूळ

गेल्या सोमवारी ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक चित्र आलं. खाणावळीचं लांब काउंटर, पुढे सूट-टायवाले पुरुष ओळीने बसलेत. काउंटरमागच्या नोकरांच्या हातात वाडगे नाहीत, पेट्रोलपंपावरचे नोझल आहेत आणि ते थेट गिऱ्हाइकांच्या तोंडात खुपसलेत. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'आपलं कॅन्टीन, सोमवार दुपार.' धडाधड हसरे चेहरे पडले. एक माझाही होता.

चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नव्हतं. रात्री शोधत बसले तेव्हा सापडलं: इशिदा तेत्सुया, जन्म १९७३, गाव याइझू, शिझुओका प्रांत. चित्र १९९६चं, नाव 'इंधन भरल्यासारखं जेवण'. म्हणजे हे रंगवलं तेव्हा तो जेमतेम तेविशीत, कॉलेजातून नुकता बाहेर पडलेला.

मग एकामागून एक बघत गेले. एका चित्रात माणूस आणि जत्रेतल्या पाळण्याचं विमान एकच झालेत, अंगावर सूट, चेहरा पडलेला. एका वर्गात दोन मुलांची सूक्ष्मदर्शकं झालीत आणि बाकीचा वर्ग काही घडलंच नाही असा बसलाय. एका चित्रात शाळेच्या इमारतीत एक अवाढव्य मुलगा चिणलेला आहे, नुसतं डोकं बाहेर, आणि त्या चित्राचं नाव 'कैदी'. सगळीकडे वापरातल्या वस्तू नाहीतर खेळणी. आणि सगळीकडे एकच चेहरा.

माझी गंमत अशी झाली की प्रत्येक चित्राला आधी हसू आलं. मग हसल्याची थोडी लाज वाटली. मग पुढच्या चित्राला पुन्हा हसू. २००५ साली, वयाच्या ३१व्या वर्षी, तोक्योजवळ माचिदाला रेल्वेच्या फाटकावर गाडीखाली त्याचा मृत्यू झाला, हे वाचल्यावर हसू बंद. पण हे बरोबर झालं का, तेच कळेना. कोणी त्याची चित्रं प्रत्यक्ष पाहिली आहेत का?

---

सायकलवाला

चांगला धागा. विमानाचं चित्र मीही पाहिलंय, 'अ‍ॅप्रेझल' असं नाव देऊन कोणीतरी फिरवलं होतं. बिचाऱ्याला मानधन नाही ते नाहीच, नावही नाही.

---

शंकासूर

मला कळत नाही यात एवढं काय आहे. माणूस = यंत्र. शाळा = तुरुंग. जेवण = इंधन. ही रूपकं आपल्याकडे दिवाळी अंकातल्या व्यंगचित्रांत वर्षानुवर्षं येताहेत. एकदा अर्थ लागला की चित्र संपलं. तरुणपणी गेला म्हणून किंमत वाढली, असं माझं स्पष्ट मत. रागावू नका.

---

ओतूरकर_सैतामावाले

रागावत नाही, पण दोन गोष्टी सांगतो. मी इथे नोकरीनिमित्त बरीच वर्षं आहे, जपानी पुण्यात शिकलो.

पहिली गोष्ट त्या जेवणाची. ते काउंटर 'ग्यूदोन'च्या दुकानातलं वाटतं: भातावर गोमांसाचे पातळ काप आणि कांदा. (मी खात नाही, शेजारच्या कढीभातासारख्या 'करे राइस'वर भागवतो.) तुम्ही यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, बसायचं, चिठ्ठी ठेवायची, मिनिटभरात वाडगा समोर. साधा हवा तर 'नामिमोरी', मोठा हवा तर 'ओओमोरी', याखेरीज संभाषण नाही. शेजारच्याकडे बघायचं नाही. दहा मिनिटांत बाहेर. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला खरंच टाकी भरून आल्यासारखं वाटलं होतं, आणि तेव्हा मला इशिदा ठाऊकही नव्हता. तेव्हा शंकासूर, हे रूपक त्याने डोक्यातून काढलेलं नाही. जे दिसत होतं त्याला एक पाइप जोडला, बस.

दुसरी गोष्ट विमानाच्या चित्राच्या नावाची. जपानीत ते 'तोबेनाकुनात्ता हितो'. 'तोबेनाइ हितो' म्हटलं असतं तर 'उडता न येणारा माणूस'. पण 'तोबेनाकुनात्ता' म्हणजे 'उडता येईनासा झालेला'. म्हणजे आधी येत होतं! कधी, ते चित्र सांगत नाही. आता मला सांगा, जत्रेतलं विमान कधी उडत होतं? खांबाला बांधलेलं, गोल फिरणारं. त्यात बसलेल्या पोरापुरतं ते उडत होतं. मला हे नाव कळलं तेव्हा चित्र पुन्हा उघडून बघावं लागलं.

अवांतर: अशी विमानं इथल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवर असायची. गच्चीवरची बालोद्यानं हा इथला खास प्रकार. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या मात्सुया स्टोअरच्या गच्चीवर १९३१ साली सुरू झालेलं उद्यान २०१० साली बंद झालं. आई-बाबा खाली खरेदी करणार, मुलं वर विमानात. इशिदाच्या पिढीने ती उद्यानं ओस पडताना पाहिली.

---

चिंचगूळ

ओतूरकर, नावाबद्दल शंभर वेळा धन्यवाद. मी इंग्रजी नाव वाचून पुढे गेले होते.

---

माईंचा_बाळ

आमच्या चिरंजीवांना (वय ५) विमानाचं चित्र दाखवलं. प्रश्न: "नाणं टाकलं नाही का कोणी?"

---

खडूफळा

मी उपयोजित कला शिकलो, वीसेक वर्षं जाहिरातीत काढली, आता शिकवतो. शंकासूरांचं म्हणणं अर्धं मान्य. कल्पना सोप्या आहेत. पण इशिदा कुठे शिकला ते बघा: मुसाशिनो कला विद्यापीठ, विभाग दृश्य-संप्रेषण. म्हणजे आमच्याच जातीचा माणूस! पोस्टरची शिस्त अंगात भिनलेली. लांबून एका नजरेत कळलं पाहिजे. १९९५ साली विद्यार्थी असतानाच ग्राफिक कलेच्या एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

मजा पुढे आहे. पोस्टर एका नजरेत संपतं, हे संपत नाही, कारण तो ते रंगवताना थांबतच नाही. अ‍ॅक्रिलिक, बारीक ब्रश. विमानाचे उडालेले पोपडे, गंज, कोटाच्या सुरकुत्या, फरशीवरचा मळ, सगळं सारख्याच मायेने. ग्रेड परीक्षेच्या वस्तुचित्रात आम्ही बादली, तांब्या आणि दोन कांदे काढायचो तेव्हा सर ओरडायचे, "तांब्याची चमक दिसते, पण तांब्या जड आहे का?" इशिदाचा तांब्या जड आहे. व्यंगचित्रकार वस्तूची खूण काढतो. हा वस्तूच काढतो, आणि मग त्यात माणूस बसवतो. जोड कुठे आहे ते शोधायला गेलात तर सापडत नाही, कापड कुठे संपलं आणि पत्रा कुठे सुरू झाला ते.

मापही बघा. विमानाचं चित्र १०३ बाय १४५.६ सेंटिमीटर. हे आकडे विचित्र वाटतील, पण छापखान्याशी संबंध आलेल्याला लगेच कळेल: बी-१ कागद ७२.८ बाय १०३. दोन बी-१ शेजारी ठेवले की नेमकं हे माप. 'इंधन' आणि ते सूक्ष्मदर्शकाचं, दोन्ही १४५.६ बाय २०६, म्हणजे चार बी-१. स्टेशनात लावायच्या जाहिरातीच्या मापात त्याने हे विकायला काढलं. काय, तर एक रडवेला माणूस!

---

शंकासूर

खडूफळा, बी-१चा मुद्दा आवडला. तो मला कोणी सांगितला नव्हता. बाकी मत राखीव.

---

दुपारची_झोप

विषयाला थोडं वळण देते, चालेल ना? आमच्याकडे रोज सकाळी एका दुसऱ्या जपानी माणसाची गंमत बघायचा नेम आहे. तानाका तात्सुया, जन्म १९८१, कुमामोतोचा. तो चित्रकार नाही, फोटो काढतो. २० एप्रिल २०११ पासून रोज एक फोटो, एकही दिवस न चुकता. रेल्वेच्या खेळण्यातल्या मॉडेलसोबत मिळतात ना तेवढी इवली माणसं (१:८७ या प्रमाणातली) आणि त्यांच्याभोवती घरातल्या वस्तू. ब्रोकोलीचं झाड. स्टेपलरच्या पिनांच्या गगनचुंबी इमारती. करोनाच्या काळात मास्कसुद्धा त्याने सोडले नाहीत.

मला सगळ्यात आवडतं ते पावाचं. लांबट पाव म्हणजे बुलेट ट्रेन, फलाटावर माणसं उभी, आणि नाव 'शिनपानसेन'. शिनकानसेन + पान. जपानीत पावाला 'पान' म्हणतात. (आपला 'पाव' आणि त्यांचा 'पान', दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. चुलतभाऊच म्हणा.)

इशिदा मला या धाग्यावर पहिल्यांदा भेटला. वस्तू त्याच, पण एकाच्या हातात त्या खुलतात आणि दुसऱ्याच्या हातात माणसाला गिळतात. खरं सांगते, मी तानाकाकडे परत जाणार.

---

ओतूरकर_सैतामावाले

ताई, तानाका जे करतो त्याला इथे 'मिताते' म्हणतात. एक वस्तू दुसरीच समजून बघणं. जुनी रीत आहे, कवितेत आणि बागांतही. देवळाच्या अंगणातली वाळू दंताळ्याने ओढली की तो समुद्र, मधले दगड म्हणजे बेटं. तानाका स्वतःला 'मिताते साक्का', म्हणजे मिताते-कलाकार म्हणवतो. २०१७ साली इथल्या सकाळच्या लोकप्रिय मालिकेची, 'हियोक्को'ची, शीर्षकदृश्यं त्याचीच होती. आमच्या ऑफिसातल्या काकू ती फक्त त्यासाठी वेळेवर लावायच्या.

पण तुम्ही म्हणता तो फरक मला जरा वेगळा दिसतो. तानाकाकडे माणूस एवढासा आहे, दोन सेंटिमीटर, म्हणून वस्तू जग होते. इशिदाकडे माणूस पूर्ण आकाराचा आहे आणि त्याला वस्तूच्या मापात बसवलंय. खेळ एकच, फक्त कोणाला लहान करायचं ते वेगळं.

---

अनुस्वार

वस्तूंना जीव येणं हे जपान्यांच्या अंगातलंच आहे. 'त्सुकुमोगामी' ऐकलंय का? शंभर वर्षं वापरात राहिलेल्या अवजारात जीव येतो आणि टाकून दिलं तर ते रुसतं, सूडही घेतं, अशी समजूत. क्योतोच्या दाइतोकुजी मंदिरातल्या शिंजुआन मठाकडे मुरोमाची काळातली (चौदावं ते सोळावं शतक) एक चित्रगुंडाळी आहे. तिच्यात वाद्यं, भांडी, छत्र्या हातपाय फुटून रात्री वरात काढतात. भीतीपेक्षा धमालच जास्त.

आणि 'हारी-कुयो'. ८ फेब्रुवारीला आसाकुसातल्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात बायका वर्षभरात मोडलेल्या सुया आणतात आणि मऊ तोफूमध्ये खोचतात. आयुष्यभर जाड कापडातून गेली बिचारी, आता मऊ जागा मिळू दे. आपण खंडेनवमीला शिलाई मशीनला हळदकुंकू लावतो, त्याच नात्यातलं. माझी आजी त्या दिवशी कात्रीलाही हात लावू द्यायची नाही.

---

खडूफळा

सुंदर प्रतिसाद, अनुस्वार. पण इशिदाला त्या वरातीत बसवू नका. त्या गुंडाळीत छत्रीला पाय फुटतात, इथे माणसाचे पाय जातात. आणि त्याच्या वस्तू शंभर वर्षं जुन्याही नाहीत, कारखान्यातून आलेल्या आहेत, नाहीतर परत जायच्या आहेत. १९९८चं 'काइश्यू', म्हणजे 'परत घेणे', बघा. बिघडलेलं यंत्र कंपनी परत मागवते तसा माणूस सुटा करून खोक्यात भरलाय, भोवती घरचे शोक करताहेत. त्याला हळदकुंकू कोण लावणार?

---

अनुस्वार

हो, तेही खरं. तो खोका बघितला आत्ता. झोप उडवलीत.

---

शिकागोची_थंडी

उशिरा आले धाग्यावर. मी प्रत्यक्ष पाहिलंय.

२०१९ साली माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयाने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं होतं, 'दुसऱ्याचं आत्मचित्र' या नावाचं. ते त्याच वर्षी शरदात शिकागोला आलं, राइटवुड ६५९ नावाच्या दालनात. खरं म्हणजे मी गेले होते ती इमारत बघायला. बाहेरून जुन्या विटांची साधी चार मजली, आत जपानी वास्तुरचनाकार अंदो तादाओने पोखरून काँक्रीटचा जिना वर नेलाय. अंदोसाठी गेले आणि इशिदा घेऊन आले.

दालनात कमालीची शांतता. अमेरिकन माणसं हाताची घडी घालून गंभीर. भिंतीवरच्या माहितीत मंदी, एकाकीपणा, आत्महत्या, सगळं होतं. आणि माझी मुलगी, तेव्हा सात वर्षांची, एका चित्रापुढे खदखदून हसली. मी तिला दटावलं. शेजारी एक वयस्क जपानी बाई होत्या, त्या मला म्हणाल्या, "हसू दे. मजेशीरच आहे ते." मला फार ओशाळल्यासारखं झालं. घरी येऊन वाचलं तर त्याच्या वह्यांमध्ये त्याने स्वतःच लिहून ठेवलंय: सुरुवातीला ही आत्मचित्रं होती, स्वतःचं दुबळेपण, केविलवाणेपण, धास्ती यांची थट्टा करून त्यावर हसता यावं म्हणून काढलेली. मग हळूहळू त्या चेहऱ्यात इतर माणसंही येत गेली, शहरात राहणारी, राबणारी. २०२३ साली न्यूयॉर्कला झालेल्या प्रदर्शनाचं नाव याच टिपणातून घेतलं: 'माझा धास्तावलेला मी'.

चिंचगूळ, तुम्ही विचारलंत ना हसणं बरोबर की नाही. मला वाटतं हसू ही त्याची पहिली मागणी होती. आपण मृत्यूची तारीख आधी वाचतो आणि मग सगळी चित्रं त्या फाटकाकडे चालत नेतो. 'इंधन' आणि विमान १९९६चं. पुढे नऊ वर्षं तो जगला, शेकड्याने नाही तरी दीडशेहून जास्त चित्रं केली, अर्धवेळ कामं करून रंग विकत घेतले. त्या नऊ वर्षांचं काय?

---

सायकलवाला

'शेकड्याने नाही तरी दीडशेहून जास्त' म्हणजे शेकड्यानेच की हो ताई!

---

शिकागोची_थंडी

सायकलवाला, बरोबर. गणित कच्चं, म्हणूनच कलेच्या धाग्यावर असते.

---

शंकासूर

वहीतली नोंद वाचून माझं मत थोडं हललं, हे कबूल. मी त्याला 'व्यवस्थेवर टीका' करणारा समजत होतो, आणि तशा टीकेचा मला कंटाळा आहे. स्वतःच्या भित्रेपणाची टर उडवणारा माणूस वेगळा.

तरी एक प्रश्न. मग मंदीचं एवढं कशाला चघळतात?

---

ओतूरकर_सैतामावाले

शंकासूर, कारण ती हवा होती. १९८९ संपताना इथल्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक ३८,९०० च्या वर, सगळे खुशीत. मग फुगा फुटला. १९९६ला इशिदा पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा कंपन्यांनी नवी भरती आखडती घेतलेली. त्या काळाला इथे 'नोकऱ्यांचं हिमयुग' म्हणतात. माझे आताचे साहेब त्याच वयाचे आहेत. ते एकदा प्यायल्यावर म्हणाले, आम्हाला लहानपणापासून एका साच्यासाठी घडवलं, आणि आम्ही तयार झालो तेव्हा साचाच मोडीत काढला. सूट आहे पण बसायला खुर्ची नाही. त्यांना विमानाचं चित्र दाखवलं तर काही बोलले नाहीत, फक्त टाय सैल केला. (मी नाट्य घालत नाही, खरंच केला. उकाडाही होता म्हणा.)

आणखी एक धागा याइझूचा. मासेमारीचं बंदर. १ मार्च १९५४ला अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांजवळ हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तेव्हा किरणोत्सारी राखेत अडकलेली 'दाइगो फुकुऱ्यू मारू' ही बोट याच बंदराची. २३ खलाशी, त्यातले कुबोयामा आइकिची त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. अमेरिकन चित्रकार बेन शाहन याने त्या बोटीवर चित्रमालिका केली. इशिदाला शाळकरी वयापासून शाहनसारखं व्हायचं होतं. साध्या माणसाचा चेहरा मोठा करून समोर ठेवायचा, हे तो तिथून शिकला असणार. बोट तोक्योत युमेनोशिमाला जपून ठेवलीय, कोणी आलात तर नेईन.

---

दुपारची_झोप

मी म्हटलं होतं तानाकाकडे परत जाणार. गेले. आज सकाळचा फोटो बघून लेकीला म्हटलं, बघ किती गोड. ती म्हणाली, "पण आई, या माणसांना पण चेहरा एकच आहे." नीट बघितलं. तेवढ्या लहान माणसांना चेहरा नसतोच जवळजवळ, रंगाचा ठिपका असतो. चहा गार झाला.

---

खडूफळा

दुपारची_झोप, तुमच्या लेकीला माझ्या वर्गात पाठवा.

---

चिंचगूळ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं.

काल ग्रुपवर त्याच चित्राखाली लिहिलं: 'इशिदा तेत्सुया, १९९६, इंधन भरल्यासारखं जेवण.' दोघांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, अजून आहेत का याची? त्याला विमान पाठवलं, नावाच्या अर्थासकट. त्याने वाचलंय, निळ्या खुणा आल्यात, उत्तर नाही.

आणि आज आमच्या एचआरच्या मॅडम जागेवर येऊन म्हणाल्या, ते पेट्रोलवालं चित्र फार क्यूट आहे गं, मोठं छापून कॅन्टीनमध्ये लावलं तर? मी 'बघते' म्हटलंय.

---

शंकासूर

चिंचगूळ, लावा लावा. पण १४५.६ बाय २०६च लावा. आणि बाजूला यंत्र ठेवा चिठ्ठीचं.